ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशाचा उत्तरेकडील भाग ‘टॉप एंड’ या नावाने ओळखला जातो. डार्विन शहराच्या आसपासच्या खाड्या, नद्यांची मुखे आणि पूरमैदाने यांमध्ये पावसाळ्यात गळाने मासेमारी करण्यासाठी जाऊ इच्छिणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या विषयात अर्धवट माहिती जिवावर बेतू शकते.

तेथील पावसाळा कधी असतो आणि सहलीसाठी कोणता काळ निवडावा?

हा प्रदेश दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथील पावसाळा साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो आणि मे ते ऑक्टोबर हा काळ जवळजवळ कोरडा जातो. डार्विनमध्ये वर्षाकाठी सरासरी सुमारे १,७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील फार मोठा भाग या सहा महिन्यांतच कोसळतो. मात्र हे सहा महिने एकसारखे नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा दमट आणि जड होते, दुपारनंतर गडगडाटी ढग जमतात, पण नद्यांना अद्याप पूर आलेला नसतो. डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत मोसमी वारे जोरात असतात. कधी सलग आठवडाभर वायव्येकडून वारा आणि पाऊस, तर कधी मध्येच उघडीप. फेब्रुवारीच्या उत्तरार्धानंतर पाऊस ओसरू लागतो आणि पूरमैदानांवर साचलेले पाणी ओढ्यांवाटे नद्यांत व नद्यांवाटे समुद्रात उतरू लागते.

प्रथमच जाणाऱ्याने मार्च आणि एप्रिल हे महिने निवडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी पाणी भरपूर असते, मासा हालचालीत असतो आणि ऐन मोसमी वाऱ्याचा जोर बहुधा ओसरलेला असतो. जानेवारीत गेल्यास मासे मिळणार नाहीत असे नाही, परंतु रस्ते बंद, समुद्र खवळलेला आणि सहल हॉटेलच्या खोलीतच संपली, अशी शक्यता तेव्हा बरीच जास्त असते.

मासेमारीसाठी पावसाळाच का? कोरड्या ऋतूत मासा मिळत नाही का?

मिळतो, आणि हवाही सुखकर असते. परंतु येथील मुख्य मासा, म्हणजे बॅरामंडी, आपले सगळे आयुष्य पावसाच्या पाण्याशी बांधून जगतो. आपल्या किनाऱ्यावर ज्याला जिताडा म्हणतात तोच हा मासा. त्याची वीण पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात, नदीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात होते. उधाणाच्या भरतीबरोबर अंडी आणि बारीक पिल्ले किनाऱ्यालगतच्या खाजणांत व पाणथळ जमिनीत शिरतात. तेथे खाद्य मुबलक असते आणि मोठ्या माशांचा धोका कमी. पाऊस चांगला झाला की ही पाणथळ जमीन दूरवर पसरते आणि जास्त पिल्ले जगतात, म्हणूनच भरपूर पाणी आलेल्या पावसाळ्यानंतर काही वर्षांनी त्या नदीत चांगल्या आकाराचे मासे वाढलेले दिसतात.

पिल्ले पुढे गोड्या पाण्याकडे सरकतात, काही वर्षांनी नर म्हणून पक्व होऊन खाडीकडे परततात, आणि साधारण ८० ते १०० सेंटिमीटर लांबीचे होईपर्यंत त्यांतील बहुतेकांचे मादीत रूपांतर होते. म्हणजे गळाला लागलेला खरोखर मोठा बॅरामंडी ही जवळजवळ नेहमी मादीच असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर मासा ठेवावा की सोडावा याचा निर्णय पुष्कळ सोपा होतो.

‘रन-ऑफ’ हा शब्द सर्वत्र ऐकू येतो. त्या वेळी पाण्यात नेमके काय घडते?

पूरमैदानावर पसरलेले पाणी ओहोटीच्या वेळी लहान-लहान घळींतून आणि ओढ्यांतून मुख्य नदीत उतरते, त्याला तेथे रन-ऑफ म्हणतात. या पाण्याबरोबर बोयटांची पिल्ले, कोळंबी, गोड्या पाण्यातील झिंगे आणि असंख्य बारीक जीव वाहून येतात. बॅरामंडीला त्यांच्या मागे धावण्याची गरज नसते. तो घळीच्या तोंडाशी, प्रवाहाच्या कडेला, जेथे पाणी किंचित मंदावते तेथे दबा धरून बसतो.

अशा जागी होडी थांबवून आधी पाण्याकडे पाहत राहावे. नदीचे भरती-ओहोटीने ढवळलेले पाणी दुधाळ चहाच्या रंगाचे असते, तर मैदानावरून येणारे पाणी गवताच्या मुळांतून गाळून आल्यामुळे काळसर पण पारदर्शक असते. दोन्ही पाणी लगेच मिसळत नाहीत. घळीच्या तोंडापासून खालच्या दिशेने एक रेषा तयार होते, तिच्यावर फेस, गवताच्या काड्या आणि वाळकी पाने अडकलेली असतात, आणि ओहोटी जसजशी खाली जाते तसतशी ती रेषा वळत, लांबत जाते. मध्येच या रेषेवर ‘बुफ्’ असा खोल, पोकळ आवाज येतो आणि पाण्यावर एक वर्तुळ पसरते. बॅरामंडी जबडा झटकन उघडून भक्ष्यासह पाणी आत ओढतो, त्याचा हा आवाज असतो. आमिष टाकायचे ते त्या रेषेच्या स्वच्छ पाण्याकडील बाजूने, आणि ओढायचे ते प्रवाहाबरोबर, कारण तेथील लहान मासा प्रवाहाविरुद्ध क्वचितच पोहत येतो.

नदीच्या मुखापाशी आणखी एक गोष्ट घडते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे ते वरच्या थरात पसरते आणि खारे पाणी त्याच्याखाली पाचरीसारखे आत शिरते. वरून पाणी पूर्ण गढूळ दिसत असले तरी खालचा थर बराच स्वच्छ असू शकतो. वरच्या थरात काहीच हाती लागत नसेल, तर जागा सोडण्यापूर्वी एकदा खोल बुडणारे आमिष वापरून पाहावे.

भरती-ओहोटीचा अभ्यास किती आवश्यक आहे?

या सहलीत तोच सर्वांत आवश्यक आहे. डार्विन बंदरात मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतील फरक जवळजवळ आठ मीटरपर्यंत जातो, तर भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत तो दोन मीटरच्या आसपासही राहू शकतो. दिवसातून दोनदा एवढे पाणी आत-बाहेर होते. प्रवाह किती जोरात वाहतो, पाणी किती गढूळ होते, कोणत्या ओढ्यात होडी जाईल आणि रॅम्पवर होडी उतरवता येईल की नाही, हे सगळे त्यावरच ठरते.

ओहोटीचा वेग सहाही तास सारखा नसतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. ढोबळ हिशेब असा की पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक भाग पाणी उतरते. उतार सात मीटरचा असेल, तर मधल्या दोन तासांतच साडेतीन मीटर पाणी निघून जाते. पहिल्या तासात सुरक्षित वाटलेली जागा त्यानंतर किती झपाट्याने उघडी पडेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

नद्यांच्या वरच्या भागात पुराचे पाणी जोरात असेल, तर भरतीच्या तक्त्यातील वेळा तेथे लागू पडत नाहीत. ओहोटी लांबते, भरती उशिरा आणि तुटक येते. अशा ठिकाणी तक्त्याबरोबरच ऑस्ट्रेलियाच्या हवामान विभागाने प्रसिद्ध केलेली नदीच्या पातळीची नोंद पाहावी लागते. डेली नदीवर जाणारे अनुभवी लोक पाणी चढते आहे की उतरते आहे हे पाहूनच दिवस ठरवतात. चढते पाणी मासा विखुरते आणि उतरते पाणी त्याला घळींच्या तोंडाशी गोळा करते.

घळींवर मासेमारी करायची असल्यास ओहोटीचे शेवटचे दोन-तीन तास आणि भरतीची सुरुवात हा काळ बहुधा उत्तम ठरतो.

होडी चिखलात अडकली तर काय करावे?

होडीतच थांबावे. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे आहे.

ओहोटीत खाडीच्या तोंडाशी चिखलाचे उथळे उघडे पडतात आणि पाच-दहा मिनिटांच्या दिरंगाईने होडी टेकते. त्या वेळी खाली उतरून ढकलण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो चिखल गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत घेतो, आणि ज्या पाण्याच्या कडेला आपण रुतलेले असतो तेथे मगरी असतात. पाणी परत येईपर्यंत चार-सहा तास होडीत बसणे कंटाळवाणे असले तरी त्यात धोका फारच कमी आहे. त्यासाठी सावलीची ताडपत्री, माणशी निदान पाच लिटर पिण्याचे पाणी आणि डासांना पळवणारे मलम होडीत कायम असावे. किनाऱ्यावर कोणाला परतीची वेळ सांगून ठेवलेली असल्यास, शक्य तितक्या लवकर विलंबाचा निरोप द्यावा, म्हणजे विनाकारण शोधमोहीम सुरू होत नाही.

वादळ आणि विजांपासून बचाव कसा करावा?

पावसाळ्यातील उघडिपीच्या दिवसांत सकाळ शांत असते आणि दुपारी ढग उभे राहतात. डार्विनच्या उत्तरेस असलेल्या टिवी बेटांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास जवळजवळ रोज दुपारी एक प्रचंड गडगडाटी ढग उभा राहतो. तो इतका नियमित आहे की त्याला ‘हेक्टर’ असे नावच पडले आहे. चारही बाजूंनी येणारे समुद्री वारे बेटाच्या तापलेल्या जमिनीवर एकमेकांना भिडतात आणि हवा सरळ वर फेकली जाते, हे त्याचे कारण. असाच प्रकार लहान प्रमाणात संपूर्ण किनाऱ्यावर घडत असतो. म्हणून उघडिपीच्या काळात पहाटे निघून दुपारी एकच्या आत परतणे ही साधी पण फार उपयोगी शिस्त आहे.

ढगाच्या पुढे धावणारा गार वारा अंगाला लागला, म्हणजे वेळ संपत आली आहे असे समजावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल, तर वादळ साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा किनारा जवळ असेल तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. उघड्या होडीत अडकल्यास कार्बन तंतूंच्या काठ्या लगेच आडव्या ठेवाव्यात, कारण त्यांतून वीज सहज वाहते. धातूला हात लावू नये, खाली बसावे आणि जीवरक्षक जाकीट सर्वांनी अंगात घातलेले असावे.

चक्रीवादळांचा अधिकृत काळ १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल असा आहे. वादळी वारे ४८ तासांत, पण २४ तासांनंतर पोहोचण्याची शक्यता असते तेव्हा हवामान विभाग ‘वॉच’ जाहीर करतो, आणि ते २४ तासांच्या आत अपेक्षित असतील किंवा सुरू झाले असतील तर ‘वॉर्निंग’ देतो. वॉच जाहीर झाला की सहल संपली असे धरून चालावे. वाहून जाण्यासारखे सामान, होडी आणि ट्रेलर सुरक्षित करायला वेळ लागतो. १९७४ च्या नाताळात ट्रेसी या आकाराने लहान चक्रीवादळाने दिशा बदलून डार्विन शहराचा बहुतांश भाग उद्ध्वस्त केला होता. वादळ लहान आहे किंवा दूर आहे, या आधारावर कोणीही निश्चिंत राहू नये.

मगरींचा धोका खरोखर एवढा मोठा आहे का?

होय. तेथे आढळणारी खाऱ्या पाण्यातील मगर ही जगातील सर्वांत मोठी मगर आहे. शिकारीमुळे तिची संख्या फार घटली होती, म्हणून १९७१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत तिला संरक्षण देण्यात आले. तेव्हा सुमारे तीन हजार उरलेल्या मगरींची संख्या आता एक लाखाच्या घरात असल्याचे सांगितले जाते. निसर्गसंवर्धनाच्या दृष्टीने हे मोठे यश आहे. मासेमारी करणाऱ्याने मात्र त्याचा अर्थ असा घ्यावा की कोणतीही खाडी, नदी, ओढा किंवा समुद्रकिनारा मगरीविना आहे असे गृहीत धरता येत नाही.

पावसाळ्यात हा धोका बदलतो आणि वाढतो. पूर आल्यावर मगरी पूरमैदानांवर पसरतात आणि कोरड्या ऋतूत जेथे त्या दिसत नव्हत्या अशा डबक्यांतही पोहोचतात. हाच त्यांचा घरटी करण्याचा काळ असतो आणि माद्या अंड्यांच्या राखणीला बसलेल्या असतात. पाणी गढूळ असल्याने हातभर अंतरावरील मगरही दिसत नाही.

पाण्याच्या कडेपासून निदान पाच मीटर दूर राहावे. एकाच जागी रोज त्याच वेळी जाऊ नये, कारण मगर पाहून शिकते. होडीत असताना हातपाय बाहेर काढू नयेत, अडकलेले आमिष सोडवण्यासाठी पाण्यात हात घालू नये आणि मासे पाण्याच्या कडेला साफ करू नयेत. आमिष कितीही महाग असो, ते तोडून द्यावे. रॅम्पवर होडी चढवताना माणसे सर्वाधिक बेसावध असतात. दिवसभर थकून परत आल्यावर, अंधार पडत असताना, दोरी धरून पाण्यात उभे राहणे ही सर्वांत धोकादायक वेळ आहे. एकाने फक्त पाण्यावर लक्ष ठेवावे आणि दुसऱ्याने काम करावे.

मेरी नदीवरील शेडी कॅम्प येथे मगरींची दाटी विशेष आहे आणि रन-ऑफच्या मासेमारीसाठी हीच जागा अत्यंत प्रसिद्धही आहे. तेथून सॅम्पन आणि टॉमीकट या खाड्यांवाटे समुद्रापर्यंत जाता येते. लहान, कमी काठाच्या होडीने तेथे जाऊ नये.

समुद्रात पोहता येईल का?

नाही. मगरींखेरीज, ऑक्टोबर ते मे या काळात तेथील समुद्रात बॉक्स जेलीफिश असते, जिच्या दंशाने माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. होडीत व्हिनेगरची बाटली ठेवावी. दंश झाल्यास ०००  या क्रमांकावर मदत मागावी, त्या जागी निदान तीस सेकंद व्हिनेगर ओतावे आणि श्वास थांबल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास व हृदयदाब सुरू करावा. दंशाची जागा चोळू नये.

तेथे पावसाळ्यात कोणते आजार संभवतात?

डास, उन्हाचा त्रास आणि पाण्याची कमतरता यांबद्दल बहुतेकांना कल्पना असते. मेलिओइडोसिस या आजाराबद्दल मात्र फारच थोड्यांनी ऐकलेले असते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

हा आजार मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या जिवाणूमुळे होतो. पावसाने जमीन भिजली की तो वरच्या थरात येतो आणि पायाच्या जखमेतून, ओरखड्यातून किंवा वादळी वाऱ्यातील तुषारांबरोबर श्वासावाटे शरीरात शिरतो. टॉप एंडमधील बहुतेक रुग्ण पावसाळ्यातच आढळतात. मधुमेह हा त्यातील सर्वांत मोठा धोका आहे. अति मद्यपान, मूत्रपिंडाचे किंवा फुप्फुसाचे जुने आजार असणाऱ्यांनाही तो गाठतो. आपल्याकडे मधुमेहींचे प्रमाण मोठे आहे, आणि सुट्टीवर गेल्यावर अनवाणी चिखलात उतरण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, म्हणून हा इशारा मनापासून देत आहे. बंद बूट आणि हातमोजे वापरावेत, जखम स्वच्छ धुऊन जलरोधक पट्टीने झाकावी. परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप, खोकला किंवा न भरणारी जखम दिसल्यास डॉक्टरांना या प्रवासाबद्दल आवर्जून सांगावे. वेळेवर योग्य प्रतिजैविके मिळाली, तर रुग्ण वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

कोणते साहित्य न्यावे?

याबाबत मतभेद भरपूर आहेत, पण गरज फार नाही. मध्यम ताकदीची, साधारण दोन मीटरची एकसंध काठी, चांगला ब्रेक असलेले रीळ, १३ ते १५ किलो ताकदीची विणीव दोरी आणि तिच्या टोकाला २० ते २७ किलो ताकदीचा जाड नायलॉनचा तुकडा एवढे पुरेसे आहे. या जाड तुकड्याशिवाय बॅरामंडी हाती येत नाही, कारण त्याच्या गालाच्या कल्ल्यांची कड धारदार असते आणि झटापटीत पातळ दोरी सहज कापली जाते. आमिषांमध्ये दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीचे, उथळ व खोल बुडणारे कडक आमिष आणि मऊ शेपटीचे रबरी आमिष, दोन्ही असावेत. गढूळ पाण्यात गडद किंवा सोनेरी रंग बरे ठरतात. आमिषावरील मूळ गऱ्या तकलादू असतील तर त्या जाड गऱ्यांनी बदलून घ्याव्यात.

होडीत उपसा करणारा पंप चालू स्थितीत असावा. एका जोरदार सरीत उघड्या होडीत किती पाणी साचते, याची कल्पना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय येत नाही. इंधन तीन भागांत मोजावे: एक जाण्यासाठी, एक परतण्यासाठी आणि एक राखीव. पुराबरोबर मोठे ओंडके वाहत येतात आणि त्यांतील काही पाण्याच्या पृष्ठभागाखाली तरंगत असतात, म्हणून पहाटेच्या अंधारात वेगाने जाऊ नये.

मदत मागण्यासाठी कोणती साधने असावीत?

शहराबाहेर मोबाइलवर विसंबता येत नाही. सागरी व्हीएचएफ रेडिओ असावा. संकटाच्या संदेशासाठी १६ क्रमांकाची वाहिनी वापरतात. त्याबरोबर ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा, उपग्रहामार्फत स्थान कळवणारा आपत्कालीन संदेशक ठेवावा आणि तो ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदवलेला असावा. होडी भाड्याने घेतल्यास ही साधने आहेत का, त्यांची मुदत संपली आहे का, हे धक्का सोडण्यापूर्वी स्वतः पाहावे. मालकाच्या शब्दावर समाधान मानू नये.

बॅरामंडीखेरीज काय मिळते?

रावसाच्या कुळातील थ्रेडफिन, खारफुटीच्या मुळांत राहणारा मँग्रोव्ह जॅक, आणि खोल पाण्यात ब्लॅक ज्यूफिश म्हणजे आपला घोळ. पावसानंतर नदीच्या मुखाकडे सरकणाऱ्या चिंबोऱ्याही मिळतात.

घोळीबद्दल एक गंभीर सूचना करावीशी वाटते. दहा-पंधरा मीटरपेक्षा खोल पाण्यातून वर ओढल्यावर दाब एकदम कमी होतो, त्याच्या पोटातील वायूची पिशवी फुगते आणि आतील अवयवांना इजा होते. असा मासा पाण्यात सोडला तरी बहुधा मरतो. त्यामुळे खोल पाण्यात ‘पकडा आणि सोडा’ या तत्त्वाला अर्थ उरत नाही. जेवढे मासे खायचे आहेत तेवढे पकडून झाले की ती जागा सोडून उथळ पाण्यात जावे.

परवाना लागतो का? कोणते नियम पाळावे लागतात?

नॉर्दर्न टेरिटरीत हौशी मासेमारीसाठी सर्वसाधारण परवाना लागत नाही. परंतु नियम आहेत आणि ते काटेकोरपणे पाळले जातात. बॅरामंडीची किमान लांबी ५५ सेंटिमीटर आहे. चिंबोरीसाठी कवचाची रुंदी नराची १३ आणि मादीची १४ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. माणशी किती मासे जवळ ठेवता येतात याच्या मर्यादा नदीनुसार बदलतात, आणि मेरी व डेली या नद्यांच्या काही भागांत १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या काळात मासेमारीला बंदी असते. निघण्यापूर्वी तेथील मत्स्य विभागाचे चालू नियम पाहणे अनिवार्य समजावे. शेजारच्या राज्यांत वेगळे कायदे आहेत. क्वीन्सलँडमध्ये बॅरामंडीची लांबी ५८ ते १२० सेंटिमीटरच्या दरम्यान असावी लागते.

जमिनीच्या हक्काचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. ३० जुलै २००८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लू मड बे प्रकरणात निकाल दिला की आदिवासींच्या मालकीच्या किनाऱ्यावरील भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील पाण्यात कोणाला येऊ द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या जमिनीच्या मूळ मालकांचा आहे. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्याला हा निकाल लागू होतो. काही भाग करारांद्वारे खुले आहेत, इतरत्र नॉर्दर्न लँड कौन्सिल किंवा टिवी लँड कौन्सिल यांच्याकडून परवानगी घ्यावी लागते. पवित्र स्थळांजवळ जाऊ नये. आपण त्यांच्या घरी पाहुणे आहोत, ही जाणीव अर्ज भरताना आणि पाण्यावर असतानाही असावी.

मासा सोडायचा असल्यास तो कसा हाताळावा?

गाठी नसलेले, रबरी जाळीचे हातजाळे वापरावे आणि मासा शक्यतो जाळ्यातच, पाण्यात असताना गरीतून मोकळा करावा. हात स्वतः पाण्यात बुडवू नयेत; लांब चिमट्याने काम भागते. छायाचित्रासाठी उचलायचा असेल, तर एक ओला हात पोटाखाली आणि दुसरा खालच्या ओठाला, असा आडवा धरावा. कल्ल्यांत बोटे घालणे माशाला आणि माणसाला, दोघांनाही घातक आहे. गालाच्या हाडाची कड करवतीसारखी असते. मासा एकदा उसळला की बोट हाडापर्यंत चिरले जाते, आणि त्या जखमेतून चिखलाचे पाणी आत जाणे किती धोक्याचे आहे हे वर सांगितलेच आहे. उष्ण पाण्यात मासा लवकर दमतो, म्हणून झुंज लांबवू नये. एक मीटरच्या आसपासची मादी सोडून द्यावी, असा माझा आग्रह आहे. एका मोठ्या मादीच्या पोटात कोट्यवधी अंडी असू शकतात, आणि खाण्यासाठी साठ-सत्तर सेंटिमीटरचा मासाच अधिक चविष्ट लागतो.

मार्गदर्शकाबरोबर जावे की स्वतः होडी भाड्याने घ्यावी?

पहिल्या वेळी मार्गदर्शकाबरोबरच जावे. खर्च जास्त येतो, पण पाणी वाचायला शिकण्याचा दुसरा जलद मार्ग नाही. आरक्षण करताना हवामानामुळे सहल रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, हे लेखी विचारून घ्यावे. निघायचे नाही असे मार्गदर्शकाने सांगितले, तर त्याच्याशी वाद घालू नये.

रस्ते सुरू असतात का?

नेहमी नाही. डार्विनहून पूर्वेकडे जाणारा अर्नहेम हायवे अॅडलेड नदीच्या पूरमैदानावर पाण्याखाली जाऊ शकतो आणि त्याहून लहान रस्ते दिवसेंदिवस बंद राहतात. सरकारच्या रस्तेविषयक संकेतस्थळावर रोज पाहावे. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी त्यात घालू नये, कारण खालचा रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही. परतीच्या विमानाआधी निदान दोन दिवस मोकळे ठेवावेत.

लहान मुलांना नेता येईल का?

नद्यांवर नेऊ नये. डार्विन बंदरातील उंच धक्क्यावरून, कठड्यामागे उभे राहून, सावलीत आणि भांगाच्या दिवसांत मुलांना मासेमारीचा आनंद देता येतो.

पकडलेला मासा विकता येतो का?

नाही. हौशी मासेमारीत पकडलेला मासा विकणे किंवा त्याच्या बदल्यात काही घेणे बेकायदा आहे. ठेवायचा मासा ताबडतोब मारून बर्फ आणि समुद्राचे पाणी यांच्या मिश्रणात बुडवावा, कारण त्या हवेत मांस तासाभरात मऊ पडू लागते. तुकडे करून नेणार असल्यास, मोजदाद आणि लांबीचे नियम तपासता यावेत अशा स्थितीत मासा कुठपर्यंत ठेवावा लागतो, हे मत्स्य विभागाच्या नियमांत आधी पाहून घ्यावे.